मोरीवरची कर्दळ

आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचे सांडपाणी मागच्या भिंतीतल्या मोरीतून बाहेर पडते आणि उघड्या नालीतून वाहत शेजारच्या धानाच्या बांधीकडे जाते. त्या नालीच्या दोन्ही काठांना कर्दळीचे दाट रान आहे. या शाळेत शिकून गेलेल्या कोणालाही डोळे मिटून शाळा आठवायला सांगावे. विहार आठवेल, पहाटेची घंटा आठवेल, मोठ्या गंजात शिजणाऱ्या भाताचा वास आठवेल. कर्दळ मात्र बहुधा कोणी सांगणार नाही. ती होतीच, इतकेच.

गेल्या उन्हाळ्यात प्रस्तुत स्मरणिकेच्या कामासाठी आम्ही एकाच तुकडीचे चौघे शाळेत जमलो. आमच्यात दोघे शिक्षक, एक बँकेतून निवृत्त झालेले आणि एक कृषी विभागात आयुष्य घालवलेले. जुनी छायाचित्रे मिळवणे, माजी मुख्याध्यापकांचे सन जुळवणे, देणगीदारांच्या यादीतील शुद्धलेखन तपासणे असे आमचे काम होते. त्याच दिवसांत नव्या स्वयंपाकघराचे बांधकाम निघाले होते. अभियंत्यांनी मागच्या बाजूला चुन्याची आखणी करून ठेवली होती, आणि सगळी कर्दळ त्या पांढऱ्या रेषेच्या आत येत होती. नाली बुजून तेथे सिमेंटचे बंदिस्त गटार व्हायचे होते. मुख्याध्यापकांनी आम्हांला विचारले, “यातली कोणती जात ठेवण्यासारखी आहे? नावे सांगा, म्हणजे तेवढी दुसरीकडे हलवू.” आम्ही तिघांनी कृषी विभागातल्या आमच्या मित्राकडे पाहिले. धानावरचे तुडतुडे आणि करपा ते बांधावरून ओळखतात. ते म्हणाले, “कर्दळ म्हणजे कर्दळ.” मुख्याध्यापक हसले आणि आपल्या कामाला लागले. आम्ही मात्र तेथेच उभे राहिलो. ज्या झाडांच्या काठाला सहा-सात वर्षे रोज ताट धुतले, त्यांच्याविषयी आमच्याकडे एवढा एकच शब्द होता.

ती कर्दळ कोणी लावली हे आम्हांला ठाऊक होते. स्वयंपाकघरातल्या मायने. १९८० च्या दशकात आम्ही येथे होतो तेव्हा ती साठीच्या घरात असावी. बारीक चणीची, किंचित वाकलेली, कपाळावर गोंदण. आमच्याआधीच्या तुकड्याही तिला मायच म्हणत आणि शिक्षकही मायच म्हणत. शाळेत कामाला येण्यापूर्वी ती वरठीला, भंडारा रोड स्टेशनाजवळच्या एका बंगल्यात भांडी घासायला जात असे. तेथील माळ्याने वाफे विरळ करताना कुंपणाबाहेर फेकलेले कंद तिने पदरात बांधून आणले आणि मोरीवर लावले, असे ती सांगे. मोरीवरच का, तर तेथे बारा महिने पाणी असे. “पानी खरकटं असो का चांगलं, तिले काई फरक पडत नाई,” हे तिचे म्हणणे. आज सांडपाणी शुद्ध करण्यासाठी कर्दळीचे वाफे मुद्दाम तयार करतात हे आमच्या कृषी मित्राने नंतर सांगितले. त्या वेळी आम्हांला एवढेच दिसे की ज्या वसतिगृहांच्या मागे कर्दळ नव्हती तेथे डबके होते आणि आमच्याकडे नव्हते. पोळ्यांच्या टोपलीत तळाशी ती कर्दळीचे धुतलेले पान अंथरी. काळ्या गोल बिया आम्ही बोरूच्या नळीतून फुंकून एकमेकांना मारत असू. इंग्रजीत या झाडाला बंदुकीच्या छर्ऱ्यावरून नाव आहे हे आता कळले. आम्ही तो शोध स्वतंत्रपणे लावला होता.

येथे एक गोष्ट लिहिणे भाग आहे. आम्ही नववीत होतो. व्हॉलीबॉलचे मैदान करायचे ठरले आणि त्याची एक कड कर्दळीत जात होती. एका रविवारी सकाळी, कोणालाही न विचारता, आम्ही निम्मी कर्दळ उपटली आणि कंदांचे गड्डे नालीच्या पलीकडे भिरकावले. माय दाणे निवडत बसली होती. ती उठून आली. रागावली नाही. “फेका, फेका. तिले काई होत नाई. पन पायानं तुडवू नोका,” असे म्हणून तिने पदर खोचला आणि पलीकडे उतरून गड्डे वेचू लागली. आम्ही हसलो. तिच्या चालण्याची कोणीतरी नक्कल केली आणि आम्ही आणखी हसलो. दुपारपर्यंत तिने ते सगळे गड्डे पलीकडच्या काठाला, बांधीच्या धुऱ्यालगत, हाताने माती उकरून लावले. त्या दिवशी जेवण तासभर उशिरा झाले आणि त्यावरूनही आम्हीच कुरकुर केली. मैदान एक हिवाळा टिकले. दुसऱ्या पावसाळ्यात अलीकडच्या काठाला राहिलेल्या कंदांनीच ते परत गिळले.

तर गेल्या उन्हाळ्यात आम्ही मोजणी केली. रंगाने पाहता पाच प्रकार दिसत होते. एक उंच, हिरव्या पानांची, लहान लाल फुलांची. दुसरी पिवळी, लाल ठिपक्यांची, मोठ्या पसरट फुलांची. तिसरीची पाने तांबूस जांभळी आणि फूल नारिंगी. चौथीला मुले ‘सोंगाडी’ म्हणतात, कारण तिच्या एकाच दांड्यावर कधी पिवळे, कधी लाल, कधी अर्धे पिवळे अर्धे लाल फूल येते. पाचवी स्वयंपाकघराच्या दाराशी होती आणि तिच्या पानांवर पिवळे पट्टे होते. ती पाहून आम्हांला विशेष आनंद झाला. पट्ट्यांची कर्दळ ही मोठी शोभेची वस्तू आहे, शहरातल्या बंगल्यांपुढे ती कुंड्यांत असते, आणि ती आमच्या मोरीवर आहे!

पहिली चूक आम्ही अशी केली की रंगावरून नाव शोधू लागलो. भ्रमणध्वनीवरील एका ॲपने एकाच झाडाच्या चार छायाचित्रांना चार नावे दिली. नागपूरच्या रोपवाटिकेत विचारले, तर तेथे उलट प्रश्न आला, “उंच पाहिजे की बुटकी?” जुन्या माणसाने फांदीवरून आंबा ओळखावा तसे कर्दळ ओळखणारे कोणी असेल अशी आमची समजूत होती. तसे कोणी भेटले नाही.

शेवटी आमच्यातील एकाच्या ओळखीने वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका भंडाऱ्याहून आल्या. त्यांनी एक पाते, एक वर्तमानपत्र आणि प्रत्येक झाडाचे एक ताजे फूल मागितले. सुट्टीत न गेलेली दहा-बारा मुले भोवती बसली. त्यांनी लाल फूल उचलून विचारले, “याच्या पाकळ्या दाखवा.” मुलांनी दाखवल्या. आम्हीही त्याच दाखवल्या असत्या. बाई म्हणाल्या, “या पाकळ्या नाहीत.” मग त्यांनी फूल उलटे धरून देठाजवळची तीन अरुंद, टोकदार, फिकट पाती पात्याने वेगळी केली. कर्दळीच्या खऱ्या पाकळ्या त्या. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ते वास्तविक पुंकेसर आहेत. त्यांनी पराग धरायचे सोडून दिले, ते रुंद झाले, रंगले आणि पाकळ्यांचे काम करू लागले. एकच पुंकेसर आपले मूळ काम करतो, तोही अर्धाच. त्याच्या एका कडेला परागकोश चिकटलेला असतो आणि उरलेला भाग पाकळीसारखाच असतो. मधला चपटा दांडा ही कुक्षिवृंत. फूल उमलण्यापूर्वीच पराग त्या दांड्यावर सांडून ठेवलेला असतो, म्हणजे येणाऱ्या पाहुण्याने तो तेथूनच न्यावा. कर्दळीचे फूल दोन सारख्या भागांत कापता येत नाही, हेही त्यांनी कापून दाखवले. अलीकडे आम्हांला कोणी इतके सावकाश काही शिकवले नव्हते. स्वयंपाकघरातल्या बाया पोळ्या टाकून दारात येऊन उभ्या होत्या.

मग त्यांनी ओळखण्याची रीत सांगितली. रंग सर्वांत शेवटी. आधी ते वंध्य पुंकेसर किती आहेत, किती रुंद आहेत, त्यांच्यात फट राहते की एकावर एक येतात, उन्हात ताठ राहतात की मान टाकतात, हे पाहायचे. पानांचा रंग, झाडाची उंची. आणि बी धरते की नाही. ही शेवटची खूण फार मोलाची, असे त्या म्हणाल्या. बागेतल्या अनेक संकरित कर्दळींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात आणि अशा झाडांना बी धरत नाही. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात त्रिलोकीनाथ खोशू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर पुष्कळ काम करून ठेवले आहे. ज्या झाडाला बी नाही त्याचा वंश केवळ कंदातून, म्हणजे माणसाच्या हातूनच, पुढे जातो. कोणीतरी उकरावे, तोडावे, दुसऱ्याला द्यावे. किंवा कुंपणाबाहेर फेकावे आणि दुसऱ्या कोणी वेचावे.

या रीतीने लाल फूल तत्काळ ओळखले गेले. अरुंद पुंकेसर, खरबरीत हिरवी बोंडे, भरपूर बी. ही मूळ जात, कॅना इंडिका. लिनियसने १७५३ साली दिलेल्या या नावात ‘इंडिका’ असले तरी ती भारतातील नाही. मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील. स्पॅनिश दर्यावर्दींनी ज्या बेटांना इंडीज म्हटले त्यांच्यावरून ते नाव आले. आमच्यातील बँकवाल्या मित्राला याचा धक्का बसला. कर्दळ आपल्या केळी-हळदीइतकीच जुनी असे तो धरून चालला होता. नात्याने ती आहेही केळी, हळद आणि आले यांच्याच गणातली, पण गाव समुद्रापलीकडचे.

उरलेल्या चार फुलांच्या मागे मोठा प्रवास निघाला. १८४० च्या दशकात तेओदोर आने हे फ्रेंच गृहस्थ दक्षिण अमेरिकेतून परतताना कर्दळी घेऊन आले आणि पॅरिसजवळ त्यांचे संकर करू लागले. पुढे लियाँच्या क्रोझी यांनी ग्लॅडिओलससारखी ताठ फुले असणाऱ्या कर्दळी घडवल्या. शतकाच्या अखेरीस नेपल्स येथे कार्ल स्प्रेंगर यांनी उत्तर अमेरिकेतील एका पिवळ्या जातीशी संकर करून मोठी, मऊ, झालरदार फुले आणली. दुपारच्या उन्हात मान टाकतात ती हीच. भारतात कलकत्त्याची ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी, विल्यम कॅरे यांनी १८२० साली स्थापलेली, हे अशा रोपांचे मोठे केंद्र होते. तिचे सचिव सिडनी पर्सी-लँकेस्टर यांनी कर्दळीचे संकर आणि त्यांत आपोआप होणारे बदल यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. नागपूरहून कलकत्त्याकडे जाणारा बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग वरठीवरून जातो. साहेबांच्या बंगल्यातले कंद त्या मार्गाने आले असावेत, हा आमचा तर्क. पुरावा नाही.

नावांच्या बाबतीत मात्र बाईंनी आम्हांला निराश केले. नारिंगी फुलाची, तांबूस पानांची कर्दळ ‘वायोमिंग’ या १९०६ च्या अमेरिकन जातीसारखी दिसते. ‘सोंगाडी’ ही ‘क्लिओपात्रा’ नावाने विकली जाते तिच्यासारखी आहे. तिच्या अंगात दोन प्रकारच्या पेशी एकत्र नांदतात आणि पानावर जांभळा पट्टा उमटला की त्या बाजूचे फूल लाल येते. परंतु सारखे दिसणे म्हणजे तेच असणे नव्हे. शंभर वर्षांत शेकडो कर्दळींना नावे दिली गेली. जुन्या याद्यांत त्यांचे वर्णन एका ओळीचे, ‘पिवळी, लाल ठिपके, उंच’ असे. त्या ओळीत आमची पिवळी बसते आणि तिच्यासारख्या आणखी पुष्कळ बसतात. उलट एकाच पट्टेदार कर्दळीला बाजारात ‘प्रिटोरिया’, ‘बंगाल टायगर’ आणि ‘स्ट्रायाटा’ अशी नावे फिरतात. मूळ रोपाचा कंद हातोहात आल्याची नोंद नसेल तर जाणकार माणूस नाव देत नाही, असे त्या म्हणाल्या.

आम्ही थोडा वाद घातला. पाटीवर ‘वायोमिंग, १९०६’ असे लिहिले असते तर किती शोभले असते! पाहुण्यांना दाखवता आले असते. तेव्हा आमच्यातील एका शिक्षकाने आठवण करून दिली की आम्हा चौघांपैकी तिघांचा जन्म दाखल्यावर १ जुलै आहे. घरी कोणाला तारीख ठाऊक नव्हती, गुरुजींना रकाना रिकामा ठेवता येत नव्हता, म्हणून त्यांनी ती लिहिली. त्या तारखेने आमची नोकरी लागली आणि त्याच तारखेने आम्ही निवृत्त झालो. बंगल्यातल्या कंदाला १९०६ ही तारीख लावणे म्हणजे तोच प्रकार. एवढ्यावर वाद मिटला.

दाराजवळच्या पट्टेदार कर्दळीकडे बाई शेवटी वळल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांनी तीन पाने तोडून उन्हात धरली. खऱ्या पट्टेदार जातीत पट्टे शिरांना धरून, प्रत्येक पानावर सारखे असतात. येथे ते तुटक होते, कोठे दाट, कोठे विरळ, मध्ये तपकिरी पडलेले, आणि फुले आखडलेली. ती वेगळी जात नव्हतीच. पिवळी, ठिपक्यांचीच होती, पण विषाणूने आजारी. जगभरच्या जुन्या कर्दळींमध्ये हा रोग पसरला आहे. त्यावर औषध नाही. कंदाबरोबर तो जातो, तोडणाऱ्या विळ्याबरोबर जातो. उपटून जाळावे आणि विळा उकळत्या पाण्यात घालावा, असा त्यांचा सल्ला.

ज्या रोपाला आम्ही शाळेचे वैभव समजलो होतो ते आजारी निघाले, एवढेच असते तर आम्ही ते सहज जाळले असते. पण दाराजवळची जागा ही मायने प्रथम कंद लावले ती जागा. आमच्यातील एक जण म्हणाला की निदान एक गड्डा ठेवू, वेगळ्या कुंडीत, दूर. कृषी विभागातले मित्र प्रथमच आवाज चढवून बोलले. एक आजारी मूठ ठेवल्याने कोणाकोणाचे धान बुडाले हे त्यांनी पाहिले होते. दोन दिवस आम्ही तो विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघांनी तो वाफा खोलवर खणला आणि गड्डे वाळवून जाळले. ओले कंद लवकर जळत नाहीत. त्याला सायंकाळ झाली.

नंतर पलीकडच्या काठाला जाऊन पाहिले. धुऱ्यालगतची पिवळी कर्दळ, तेच ठिपके, तीच पसरट फुले. बाईंनी पाने तपासली. एकाही पानावर पट्टा नव्हता. नाली मध्ये होती, विळा तिकडे फारसा जात नव्हता, म्हणून ती वाचली असावी असे त्या म्हणाल्या. आम्ही नववीत भिरकावलेले आणि मायने वेचून लावलेले ते गड्डे. आमच्यापैकी कोणी त्यावर काही बोलले नाही.

दिवाळीच्या आधी श्रीलंकेचे एक भिक्खू धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी नागपूरला आले होते, ते एक रात्र आमच्या विहारात थांबले. सकाळी हात धुण्यासाठी मागे गेले आणि कर्दळीसमोर थबकून म्हणाले, “बुत्सरण!” सिंहली भाषेत कर्दळीचे नाव तेच आहे, बुद्धसरण. थायलंडमध्ये तिला फुत्थरक्सा म्हणजे बुद्धरक्षा म्हणतात आणि तेथे पिवळी कर्दळ पितृदिनाचे फूल मानतात. ब्रह्मदेशातही तिच्या नावात बुद्ध आहे. तेथे अशी कथा सांगतात की देवदत्ताने पर्वतावरून शिळा लोटली, तिची कपची लागून तथागतांच्या पायातून रक्त आले आणि ते सांडले तेथे ही लाल फुले उगवली. आम्ही सारे हरखून गेलो. ज्या फुलाचे नाव उन्हाळाभर शोधले त्याचे नाव ‘बुद्धसरण’ असावे! आठवीतील एका मुलीने हात वर केला. “पण भंतेजी, ही तर अमेरिकेतून आली ना? मग तेव्हा राजगृहात कशी असेल?” क्षणभर आम्हांला भीती वाटली की पाहुण्यांना वाईट वाटेल. भंतेजी मोकळेपणाने हसले. “बरोबर. कथा नंतरची आहे,” ते म्हणाले, आणि तिला विचारले की हे तुला कोणी सांगितले. शिळेचा प्रसंग विनयपिटकात आहे, फूल त्यात नाही. कोलंबसाच्या आधी ते आशियात असणे शक्य नाही. तरी ज्या लोकांनी परक्या देशातून आलेल्या फुलाला आपल्याजवळचे सर्वांत मोलाचे नाव दिले, त्यांच्याविषयी आम्हांला आपलेपणा वाटला. आमच्या आजोबांच्या पिढीत कचरू, दगडू, भिकू अशी नावे होती. १९५६ नंतर आमच्या घरांत गौतम, राहुल, आनंद, सुजाता आले. नाव ठेवणे म्हणजे काय हे आमच्या वस्त्यांना कोणी शिकवायला नको.

आणि म्हणूनच पुढची गोष्ट आम्हांला जास्त लागली. स्मरणिकेत मायविषयी चार ओळी लिहाव्यात असे ठरले, तेव्हा कळले की तिचे नाव आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नाही. कार्यालयात जुनी पगारपत्रके काढली. वाळवीने खाल्लेल्या पानांतून काही महिने सापडले. रकान्यात ‘स्वयंपाकीण’ असे पद, त्यापुढे ‘बेवा’ आणि नवऱ्याचे नाव, आणि शेवटी अंगठा. सर्व महिन्यांत तेच. नवऱ्याचे नाव आम्ही येथे छापत नाही, कारण ते तिचे नाव नव्हे. १९५४ साली बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून पोटनिवडणुकीला उभे होते तेव्हा आपण मैलोगणती चालत मत द्यायला गेलो होतो, हे ती प्रत्येक तुकडीला सांगे. ती निवडणूक बाबासाहेब हरले, पण मायच्या सांगण्यात हार नसे, चालणेच असे. तेव्हा मतदार यादीत तिचे काहीतरी नाव असणार. ते काय, हे विचारण्याइतके आमचे तिच्याकडे लक्ष नव्हते. ती वारली ती बातमी आम्हांला दोन वर्षांनी कळली.

शाळेची सहल दरवर्षी पवनीला जाते. तेथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात प्राचीन स्तूप निघाला, हे येथील प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ आहे. त्याच्या दगडांवर दान देणाऱ्या साध्या उपासक-उपासिकांची नावे ब्राह्मीत कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगेच्या काठी एका दगडाचे दान करणाऱ्याचे नाव वाचता येते. आम्हांला जेवू घालणारीचे येत नाही.

पावसाळ्यात कर्दळ हलवली गेली. मुख्याध्यापकांनी मुलांच्या वसतिगृहाच्या न्हाणीघरामागची जागा दिली आणि अभियंत्यांनी तेथील पाणी उघड्या चरातून न्यायचे कबूल केले. अभियंते मूळचे नाराज होते. उघड्या चराला डास होतात असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यात तथ्य आहे. चर उतरता ठेवावा आणि पाणी साचू देऊ नये असे ठरले. ते पाळले जाते का, हे पुढच्या तुकड्यांनी पाहावे. पाट्या मुलांनी लिहिल्या. लाल कर्दळीपुढे ‘कॅना इंडिका’. नारिंगीपुढे ‘जातीचे नाव माहीत नाही’. सोंगाडीपुढे ‘सोंगाडी’, कारण हे नाव शाळेतच जन्मले आहे आणि त्याबद्दल कोणाला शंका नाही. पिवळीपुढे काय लिहावे यावर बराच खल झाला. ‘मायची पिवळी’ असे शेवटी लिहिले गेले. ज्या वाचकांना मायचे नाव, तिचे गाव किंवा तिच्या माहेरचे कोणी ठाऊक असेल त्यांनी शाळेच्या कार्यालयात कळवावे. ती वैनगंगेच्या पलीकडची होती एवढे आम्हांला आठवते. पाटीवर खाली एक ओळ भरेल एवढी जागा मुद्दाम ठेवली आहे.

मुलांचे लक्ष अर्थात बियांकडे होते. कर्दळीचे बी इतके टणक असते की अर्जेंटिनात एका जुन्या थडग्यात, अक्रोडाच्या कवचाच्या खुळखुळ्यात सापडलेले सुमारे ६०० वर्षांपूर्वीचे बी रुजले होते, हे बाईंनी सांगितल्यापासून त्यांना चैन नव्हते. लाल कर्दळीच्या बिया त्यांनी फरशीवर घासल्या, पांढरे दिसेपर्यंत, आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवल्या. पिवळीला कधी नव्हे ते एक बोंड धरले होते. त्यात दोनच बिया निघाल्या. त्याही घासल्या. बीपासून येणारे रोप आईसारखे निघेलच असे नाही, हे त्यांना सांगितले आहे. अकराव्या दिवशी दोहोंपैकी एका कुंडीत गुंडाळलेल्या पानाचे टोक वर आले. तिच्यावर पाटी लावायला मुले तयार नाहीत. फूल येऊ द्या, मग बघू, असे म्हणतात.